कनिष्ठ फॉर्म्युला स्पर्धांतील स्प्रिंट रेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉर्म्युला १ च्या खालच्या पायऱ्या असलेल्या फॉर्म्युला २ आणि फॉर्म्युला ३ या मोटार शर्यतींच्या स्पर्धा पाहू लागलेल्या वाचकांकडून स्प्रिंट रेसविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे नियम २०२२ पासून रूढ झालेल्या रचनेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्प्रिंट रेस म्हणजे नेमके काय?

एका आठवडाअखेरीस होणाऱ्या दोन शर्यतींपैकी लहान शर्यत म्हणजे स्प्रिंट रेस. ती शनिवारी होते. रविवारी होणारी मोठी शर्यत फीचर रेस म्हणून ओळखली जाते. पुढे तिला मुख्य शर्यत म्हटले आहे. स्प्रिंटचे अंतर कमी असते, तिच्यात गुण कमी मिळतात, टायर बदलण्याची सक्ती नसते आणि पात्रता फेरीत, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या वेळेच्या फेरीत, पुढे आलेल्या चालकांचा क्रम उलटा करून त्यांना उभे केले जाते. या शेवटच्या नियमामुळेच तिचा स्वभाव मुख्य शर्यतीहून पूर्णपणे वेगळा होतो (प्रश्न ५).

२. या गाड्या फॉर्म्युला १ सारख्याच दिसतात. मग फरक काय?

एकच आसन, उघडी चाके, पुढे-मागे पंख आणि चालकाच्या डोक्याभोवती हेलो हे संरक्षक कडे इतके साम्य आहे. मोठा फरक असा की, फॉर्म्युला १ मध्ये प्रत्येक संघ स्वतःची गाडी घडवतो, तर येथे सर्व संघांना सारखीच गाडी मिळते. चॅसी (गाडीचा सांगाडा) दल्लारा कंपनीची, इंजिन मेकाक्रोमचे आणि टायर पिरेलीचे असतात. फॉर्म्युला २ मध्ये ३.४ लिटरचे टर्बो व्ही-६ इंजिन असून त्याची ताकद सुमारे ६२० अश्वशक्ती आहे. फॉर्म्युला ३ मधील इंजिनाला टर्बो नसतो आणि त्याची ताकद सुमारे ३८० अश्वशक्ती असते. फॉर्म्युला २ च्या गाडीला पॉवर स्टीअरिंगही नसते. त्यामुळे वेगवान वळणांवर चालकाच्या दंडांवर आणि मानेवर किती ताण येतो, हे शर्यतीनंतर गाडीतून उतरणाऱ्या चालकांकडे पाहिले तरी कळते.

फॉर्म्युला ३ मध्ये प्रत्येकी ३ गाड्यांचे १० संघ, म्हणजे ३० गाड्या सुटतात. फॉर्म्युला २ मध्ये प्रत्येकी २ गाड्यांचे ११ संघ, म्हणजे २२ गाड्या असतात. गाड्या सारख्या असल्या तरी पंखांचा कोन, सस्पेन्शन, टायरमधील हवेचा दाब अशी बारीक जुळणी प्रत्येक संघ आपापल्या पद्धतीने करतो, आणि अनुभवी संघांची आघाडी येथूनच सुरू होते.

३. स्प्रिंट किती लॅपची असते?

फॉर्म्युला २ मध्ये लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्यांची, संख्या अंतरावरून ठरते. स्प्रिंटसाठी १२० किलोमीटर किंवा ४५ मिनिटे आणि वर एक लॅप, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरले जाते. मुख्य शर्यतीसाठी हेच आकडे १७० किलोमीटर आणि ६० मिनिटे असे आहेत. त्यामुळे लांब ट्रॅकवर लॅप कमी आणि आखूड ट्रॅकवर जास्त होतात. मोनाको हा ठळक अपवाद आहे. तेथे वेगच कमी असल्याने स्प्रिंट १०० किलोमीटरची, म्हणजे ३० लॅपची असते.

४. आठवडाअखेरीचे वेळापत्रक कसे असते?

साधारणपणे शुक्रवारी ४५ मिनिटांचा एकच सराव आणि त्याच दिवशी ३० मिनिटांची पात्रता फेरी, शनिवारी स्प्रिंट आणि रविवारी मुख्य शर्यत असा क्रम असतो. सराव एकच असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एखादा ट्रॅक प्रथमच पाहणाऱ्या चालकाला त्या पाऊण तासात ट्रॅक, टायर आणि गाडीची जुळणी हे सगळे समजून घ्यावे लागते. सरावात गाडी भिंतीला लागली, तर पात्रता फेरीपूर्वी शिकण्याची दुसरी संधी मिळत नाही.

५. पात्रता फेरीत पहिला आलेला चालक स्प्रिंटमध्ये दहाव्या जागी का उभा असतो?

सर्वाधिक वेळा हाच प्रश्न विचारला जातो. शुक्रवारच्या एकाच पात्रता फेरीवरून दोन्ही शर्यतींच्या ग्रिड, म्हणजे सुरुवातीला उभे राहण्याच्या जागा, ठरतात. मुख्य शर्यतीत निकालाचा क्रम जसाच्या तसा राहतो. स्प्रिंटमध्ये मात्र फॉर्म्युला २ मधील पहिल्या १० आणि फॉर्म्युला ३ मधील पहिल्या १२ चालकांचा क्रम उलटतो. त्यांच्या मागचे चालक आपापल्या जागीच राहतात. हिशेब सोपा आहे : फॉर्म्युला २ मध्ये पात्रता क्रमांक ११ मधून वजा करावा, फॉर्म्युला ३ मध्ये १३ मधून. फॉर्म्युला २ मध्ये तिसरा आलेला चालक स्प्रिंटला आठव्या जागेवरून सुटतो.

यामागचा विचार समजला की ही पद्धत अन्यायाची वाटत नाही. गाड्या सारख्या असल्यामुळे सर्वांत वेगवान चालक पहिल्या जागेवरून सुटला, तर बहुतेक वेळा तो पुढे निघून जाईल आणि त्याच्याविषयी आपल्याला नवीन काहीच कळणार नाही. त्याला दहाव्या जागी उभे केले की पहिल्या वळणावरच्या गर्दीतून गाडी वाचवणे, समोरच्याची चूक हेरणे, ब्रेक उशिरा लावूनही टायर न घासणे ही कौशल्ये उघड होतात. दुसरीकडे दहाव्या क्रमांकाच्या चालकाला आघाडीवर राहून मागच्या नऊ वेगवान गाड्यांचे दडपण सोसावे लागते, आणि तोही त्याच्यासाठी नवा धडा असतो. या स्पर्धा चालक घडवण्यासाठी आहेत. त्यामुळे शनिवारची ही उलटी मांडणी मला रविवारच्या सरळ मांडणीइतकीच आवश्यक वाटते.

६. मग कोणी मुद्दाम दहावा येण्याचा प्रयत्न करत नाही का?

प्रत्यक्षात ते जवळजवळ अशक्य आहे. पात्रता फेरीत सातव्या आणि तेराव्या क्रमांकांतले अंतर अनेकदा सेकंदाच्या एक-दोन दशांशांचे असते. दहावा नेमका किती वेळ नोंदवेल, हे इतरांची शेवटची लॅप पूर्ण होईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. हिशेब किंचित चुकला, तर चालक अकराव्या जागी जातो आणि दोन्ही शर्यतींत अकरावाच राहतो. शिवाय मुख्य शर्यतीच्या पोल पोझिशनसाठी, म्हणजे पात्रता फेरीत पहिले येण्यासाठी, मिळणारे २ गुण आणि त्या शर्यतीतली पुढची जागा सोडून देणे कोणत्याही संघाला परवडणारे नाही.

७. स्प्रिंटमध्ये गुण कसे मिळतात?

फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या आठ चालकांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळतात. फॉर्म्युला ३ मध्ये पहिल्या दहा चालकांना १० पासून १ पर्यंत एकेक कमी होत जाणारे गुण मिळतात. मुख्य शर्यतीत दोन्हीकडे २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ अशी मांडणी आहे. प्रत्येक शर्यतीत सर्वांत वेगवान लॅपसाठी १ गुण असतो, पण तो चालक पहिल्या दहांत असेल तरच. म्हणून फॉर्म्युला २ मधील चालकाला एका आठवडाअखेरीस जास्तीत जास्त ३९ गुण मिळू शकतात.

स्प्रिंटचे गुण थोडे दिसतात, पण विजेतेपदाचा हिशेब फार थोड्या फरकाने सुटतो. २०२० मध्ये ऑस्कर पियास्त्रीने फॉर्म्युला ३ चे विजेतेपद संपूर्ण मोसमात एकही पोल न घेता आणि केवळ ३ गुणांच्या फरकाने जिंकले होते. अशा मोसमात छोट्या शर्यतीतल्या सहाव्या-सातव्या जागेसाठी केलेली झुंजही वाया जात नाही.

८. पिट स्टॉपची सक्ती नाही, मग डावपेच उरतात कोठे?

फॉर्म्युला २ च्या मुख्य शर्यतीत कोरड्या ट्रॅकवर दोन प्रकारचे टायर वापरावे लागतात, त्यामुळे पिट स्टॉप, म्हणजे टायर बदलण्यासाठी ट्रॅकशेजारी थांबणे, अनिवार्य असते. फॉर्म्युला ३ मध्ये दोन्ही शर्यतींत अशी सक्ती नाही. स्प्रिंटमध्ये चालक टायरच्या एकाच संचावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावतो. गाडीचे नुकसान झाले किंवा हवामान बदलले, तर तो थांबू शकतो, पण त्याची किंमत बहुधा सगळी शर्यत असते.

म्हणून सगळा डावपेच टायरमध्ये असतो. पुढच्या गाडीमागच्या ढवळलेल्या हवेत पंखांना पुरेसा दाब मिळत नाही, गाडी वळणावर घसरते, घसरल्याने टायरचा पृष्ठभाग तापतो आणि तापलेला टायर आणखी घसरतो. या चक्रात अडकलेला चालक दहाव्या लॅपपर्यंत धडाडीने लढतो आणि पंधराव्या लॅपनंतर एकेक जागा गमावू लागतो. जाणकार चालक मध्यावर मुद्दाम एक-दीड सेकंद मागे राहतो, टायरला थंड होऊ देतो आणि समोरचे दोघे एकमेकांशी झगडू लागले की पुढे सरसावतो. टीव्हीवर हा काळ कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते संपूर्ण शर्यतीत लक्ष देण्याजोगा भाग तोच असतो. त्या वेळी पडद्यावरील दोन गाड्यांमधले अंतर प्रत्येक लॅपला टिपून ठेवावे, म्हणजे शेवटच्या पाच लॅपमध्ये जे घडते ते अचानक घडल्यासारखे वाटत नाही.

९. डीआरएस असूनही गाड्या एकामागे एक अडकून का पडतात?

पुढच्या गाडीपासून ठरलेल्या ठिकाणी एक सेकंदाच्या आत असलेल्या चालकाला मागच्या पंखाची फळी उघडता येते (यालाच डीआरएस म्हणतात) आणि सरळ रस्त्यावर त्याचा वेग वाढतो. पण रांगेतला दुसरा चालक पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या आणि चौथा तिसऱ्याच्या एक सेकंदाच्या आत असेल, तर सगळ्यांचेच पंख उघडतात आणि कोणालाच लाभ उरत नाही. तीस गाड्यांच्या फॉर्म्युला ३ मध्ये हे वारंवार दिसते. ही साखळी तुटते ती बहुधा कोणी वळणात चुकल्यामुळे.

१०. पाऊस पडला तर काय होते?

या दोन्ही स्पर्धांत ओल्या ट्रॅकसाठी एकाच प्रकारचा टायर असतो. फॉर्म्युला १ मध्ये मिळणारा, कोरड्या आणि ओल्या टायरच्या मधला पर्याय, म्हणजे इंटरमीडिएट, येथे नसतो. ट्रॅक अर्धवट वाळलेला असेल, तेव्हा संघापुढे दोनच वाटा उरतात आणि चुकीची वाट धरलेल्याला सावरायला वेळ मिळत नाही. पावसात गाडीची ताकद रस्त्यावर उतरवणे अवघड असल्याने चालकाच्या पायाचा नाजूकपणा लगेच दिसतो. आंद्रेआ किमी अँटोनेलीने २०२४ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या ओल्या स्प्रिंटमध्ये फॉर्म्युला २ मधला पहिला विजय मिळवला आणि पुढच्याच वर्षी तो फॉर्म्युला १ मध्ये दाखल झाला.

११. सेफ्टी कारमागे फिरलेल्या लॅप मोजल्या जातात का?

होय, अपघातानंतर वेग कमी ठेवण्यासाठी सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या या गाडीमागच्या लॅप मोजल्या जातात आणि घड्याळही चालू राहते. लहान शर्यतीत सहा-सात लॅप सेफ्टी कारमागे गेल्या, तर मागून येणाऱ्या चालकाची निम्मी संधी संपते. मात्र सेफ्टी कार सगळ्या गाड्यांना जवळ आणते आणि टायरला विश्रांती देते, त्यामुळे आघाडीवरच्या चालकाने कमावलेले अंतरही नाहीसे होते. शर्यत लाल झेंड्याने थांबली आणि पुरेसे अंतर कापलेले नसले, तर गुण कमी केले जातात किंवा दिलेच जात नाहीत.

१२. स्प्रिंटमध्ये अपघात झाला, तर रविवारची जागा जाते का?

नाही. मुख्य शर्यतीची ग्रिड शुक्रवारीच ठरलेली असते (प्रश्न ५). पण चालकाची जागा टिकली तरी गाडी टिकतेच असे नाही. मेकॅनिकांच्या हाती जेमतेम एक रात्र असते आणि त्या रात्रीत चॅसीपर्यंत पोहोचलेले नुकसान दुरुस्त करावे लागते. म्हणूनच रविवारी पहिल्या जागेवरून सुटणारा चालक शनिवारी दहाव्या जागेवरून सुटताना पहिल्या वळणावर जरा हात राखून चालवतो. त्याला कोणी भित्रा म्हणू नये. १० गुणांच्या मोहात २५ गुणांची गाडी मोडणे शहाणपणाचे नसते.

१३. ग्रिडवर मागे जाण्याची शिक्षा उलट्या क्रमाच्या आधी लागू होते की नंतर?

नंतर. आधी क्रम उलटतो, मग त्या जागेवरून शिक्षा मोजली जाते, आणि शिक्षा चालकाच्या पुढील शर्यतीपुरती असते. समजा, फॉर्म्युला २ मध्ये चौथा आलेल्या चालकाने पात्रता फेरीत दुसऱ्याचा मार्ग अडवला आणि स्ट्युअर्डांनी, म्हणजे नियमभंगाचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, पुढील शर्यतीसाठी तीन जागांची शिक्षा दिली. उलट्या क्रमाने त्याची स्प्रिंटची जागा सातवी होती, ती आता दहावी होईल. रविवारी तो चौथाच राहील. तीच शिक्षा स्प्रिंटमधल्या चुकीसाठी मिळाली, तर ती रविवारी भोगावी लागते आणि तेव्हा ती कितीतरी अधिक बोचते.

पात्रता फेरीतून बाद होणे ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा निकालच बदलतो, मागचे सगळे एकेक जागा वर सरकतात आणि उलटा क्रमही नव्याने लावला जातो. अकरावा दहावा होतो आणि अनपेक्षितपणे स्प्रिंटच्या पहिल्या जागी येतो. २०२४ च्या मोसमाच्या आरंभी बहरीनमध्ये फॉर्म्युला २ मधील भारतीय चालक कुश मैनीने पोल मिळवली होती, पण गाडीच्या तांत्रिक तपासणीनंतर तो पात्रता फेरीतून बाद ठरला आणि पोल गॅब्रिएल बोर्तोलेटोकडे गेली.

१४. मोनाकोमध्ये पात्रता फेरी दोन गटांत का होते?

त्या अरुंद शहरी रस्त्यावर सर्व गाड्या एकाच वेळी सोडल्या, तर कोणालाच मोकळी लॅप मिळणार नाही. म्हणून चालकांचे दोन गट केले जातात. ज्या गटात सर्वांत वेगवान वेळ नोंदली जाते, त्याचे चालक विषम जागा घेतात आणि दुसऱ्या गटाचे चालक सम जागा. त्यामुळे एकूण वेळेनुसार पाचवा असलेला चालक ग्रिडवर सातवा किंवा आठवा दिसू शकतो, आणि ती चूक नसते. क्रम उलटतो तो या गुंफलेल्या यादीचा.

१५. रेषा पहिल्यांदा ओलांडणारा चालक विजेता नसतो, असे का होते?

दोन कारणे असतात. शर्यतीत मिळालेली ५ किंवा १० सेकंदांची शिक्षा पिट स्टॉपमध्ये भोगता येते; स्प्रिंटमध्ये बहुधा कोणी थांबत नाही, म्हणून ती शेवटी एकूण वेळेत मिळवली जाते. दुसरे कारण तांत्रिक तपासणी. २०२४ मध्ये हंगेरीतील स्प्रिंट रिचर्ड फर्शोअरने जिंकली होती. तपासणीनंतर त्याला बाद केले गेले आणि विजय कुश मैनीच्या नावावर लागला. पारितोषिक समारंभानंतरही निकाल तात्पुरता असतो, हे ध्यानात ठेवूनच गुणतक्ता पाहावा.

१६. फॉर्म्युला १ मधील स्प्रिंट आणि ही स्प्रिंट एकच का?

नावापुरतीच. फॉर्म्युला १ मध्ये स्प्रिंट २०२१ मध्ये आली. ती सुमारे १०० किलोमीटरची असते, मोसमातल्या मोजक्याच आठवडाअखेरींना होते आणि तिची ग्रिड उलटी नसते. कनिष्ठ स्पर्धांत ती प्रत्येक आठवडाअखेरीचा नेहमीचा भाग आहे.

१७. उलट्या ग्रिडवर पहिल्या जागेवरून सुटून मिळवलेल्या विजयाला किती किंमत द्यावी?

कमी लेखू नये आणि डोक्यावरही घेऊ नये. २०२५ मध्ये कुश मैनीने मोनाकोची स्प्रिंट पहिल्या जागेवरून सुटून जिंकली. ओव्हरटेक करणे जवळजवळ अशक्य असलेल्या ट्रॅकवर पुढे असणे हा मोठा लाभ आहे, हे खरे. पण तीस लॅप दोन्ही बाजूंच्या लोखंडी कठड्यांमधून एकही चूक न करता गाडी नेणे हेही तितकेच खरे काम आहे, आणि फॉर्म्युला २ ची शर्यत मोनाकोत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

तरीही चालकाची पारख करायची असेल, तर मी निकालपत्रकाशेजारी ग्रिड ठेवून पाहण्याचा आग्रह धरीन. दहाव्या जागेवरून चौथा आलेला चालक मला अनेकदा विजेत्यापेक्षा अधिक काही सांगून जातो, कारण त्याने सहा गाड्या सारख्याच ताकदीच्या इंजिनावर मागे टाकलेल्या असतात. गॅब्रिएल बोर्तोलेटोने २०२३ मध्ये फॉर्म्युला ३ आणि २०२४ मध्ये फॉर्म्युला २ चे विजेतेपद पटकावले. दोन्ही मोसमांतले त्याचे सगळे विजय मुख्य शर्यतींतले होते. तेओ पूर्शेरने २०२३ चे फॉर्म्युला २ विजेतेपद मोसमात एकच शर्यत जिंकून मिळवले. या दोघांनी शनिवारी विजयाचा हट्ट न धरता गुण गोळा केले, आणि फॉर्म्युला १ साठी लागणाऱ्या सुपर लायसन्सचे गुण मोसमाच्या अंतिम क्रमांकावर मिळतात. त्यासाठी ४० गुण लागतात, आणि फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांत येणाऱ्याला ते एका मोसमातच मिळतात.

१८. इतक्या गर्दीच्या शर्यती सुरक्षित असतात का?

धोका पूर्णपणे टाळता येत नाही. हेलो फॉर्म्युला २ मध्ये २०१८ पासून आहे. त्याच वर्षी बार्सिलोनातील स्प्रिंटमध्ये निरेई फुकुझुमीची गाडी तादासुके माकिनोच्या गाडीवर चढली, तिचे चाक हेलोवर आपटले आणि माकिनो सुखरूप बाहेर आला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी स्पा येथील मुख्य शर्यतीत मात्र आंत्वान ह्यूबेर या २२ वर्षांच्या चालकाचा मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवशीची स्प्रिंट रद्द करण्यात आली. त्याच मोसमात त्याने मोनाको आणि पॉल रिकार येथील स्प्रिंट जिंकल्या होत्या. शर्यत लवकर थांबवली म्हणून अधिकाऱ्यांवर चिडणाऱ्या प्रेक्षकांनी तो दिवस आठवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

१९. जुन्या निकालांत स्प्रिंट रविवारी झालेली दिसते. ती चूक आहे का?

चूक नाही. २००५ ते २०१६ या काळातल्या जीपी२ मध्ये (फॉर्म्युला २ च्या आधीची स्पर्धा) आणि २०१७ ते २०२० मधल्या फॉर्म्युला २ मध्ये मुख्य शर्यत आधी होत असे आणि तिच्यातील पहिल्या आठ जणांचा क्रम उलटून दुसऱ्या दिवशी स्प्रिंट होत असे. २०१९ मध्ये हंगेरीत मिक शूमाखर मुख्य शर्यतीत आठवा आला, स्प्रिंटला पहिल्या जागेवरून सुटला आणि फॉर्म्युला २ मधला पहिला विजय मिळवून गेला. २००७ मध्ये स्पा येथे करुण चंडोकने जिंकलेली जीपी२ स्प्रिंटही याच पद्धतीची होती. २०२१ मध्ये प्रत्येक आठवडाअखेरीस दोन स्प्रिंट आणि एक मुख्य शर्यत अशी तीन शर्यतींची रचना आली आणि ती एकाच मोसमात मागे घेतली गेली. म्हणून वेगवेगळ्या काळातल्या चालकांच्या स्प्रिंट विजयांची तुलना करण्यापूर्वी त्या वर्षी क्रम कशावरून उलटला जात होता, पात्रता फेरीवरून की आदल्या शर्यतीवरून, हे तपासून घ्यावे.